इचिरो, ५१ नंबर आणि माझा सात वर्षांचा मुलगा

उजवा_कोपरा

इथे सचिनवर, द्रविडवर, झालंच तर फेडररवर धागा निघाला की पाचशे प्रतिसाद होतात. बेसबॉलपटूवरचा धागा कोणी उघडेल का अशी शंका आहे, पण लिहायचं कधीचं डोक्यात होतं.

माझा लहानपणीचा देव म्हणजे इचिरो सुझुकी. सिअ‍ॅटल मरिनर्स, राईट फील्ड (मैदानाची उजवीकडची मागची बाजू), ५१ नंबर.

आम्ही ठाण्याहून रेडमंडला आलो तेव्हा मी तिसरीत होतो. बाबांच्या ऑफिसात निम्मी माणसं आपल्याकडची, पण वर्गात मी एकटा. मुलं सतत बेसबॉलबद्दल बोलायची आणि सगळी रुसलेली असायची. कारण थोड्याच काळात शहराचे तीन मोठे खेळाडू गेले होते. १९९८ मध्ये रँडी जॉन्सन, २००० च्या सुरुवातीला केन ग्रिफी ज्युनियर आणि त्याच वर्षाच्या शेवटी अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ. हा शेवटचा तर टेक्ससकडून २५ कोटी २० लाख डॉलरचा करार घेऊन गेला. त्यांच्या जागी कोण आला, तर जपानहून एक शिडशिडीत माणूस. त्याच्याशी नुसती बोलणी करायचा हक्क मिळावा म्हणून मरिनर्सनी त्याच्या जपानी संघाला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले होते. जपानी पिचर (चेंडू टाकणारे) अमेरिकेत येऊन गेले होते, पण रोज बॅटिंगला उतरणारा जपानी तोवर इथे कोणी आला नव्हता. टिकणार नाही, असंच सगळे म्हणायचे.

२००१ च्या मोसमात त्याने काय केलं ते ऐका. २४२ हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं), .३५० सरासरी, ५६ बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं). त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदितही तोच आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. हे त्याआधी फक्त फ्रेड लिनला जमलं होतं, १९७५ मध्ये. मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले. (पुढे न्यूयॉर्कच्या यँकीजनी धुतलं, तो विषय आमच्या घरात काढत नाहीत.)

उजव्या हातात बॅट उभी धरून पिचरच्या दिशेने रोखायची आणि डाव्या हाताने खांद्याजवळची बाही वर ओढायची, ही त्याची लकब. ती नक्कल मी शाळेत, बाथरूममध्ये आणि मंडळाच्या गणपतीत उदबत्ती हातात घेऊनही केलेली आहे.

आता मुद्दा. माझा मुलगा सात वर्षांचा झाला. इचिरोने वडिलांकडे बेसबॉल शिकवा म्हणून हट्ट धरला तो याच वयात. वडील म्हणाले, शिकवतो, पण मग रोज. आणि 'रोज' म्हणजे अक्षरशः रोज. सहावीत असताना त्याने लिहिलेला निबंध जपानमध्ये प्रसिद्ध आहे. तिसरीपासून ३६५ पैकी ३६० दिवस कडक सराव करतो आणि मित्रांशी खेळायला आठवड्याला पाच-सहा तास मिळतात, असं त्यात आहे. लहानपणी मला हे वाचून अंगावर काटा यायचा. आता बापाच्या नजरेने वाचलं तरी काटा येतो, पण वेगळा.

माझे बाबा सध्या इथे आलेत. त्यांनी नातवाला ही गोष्ट सांगायला घेतली आहे आणि संध्याकाळी त्याला नेटमध्ये नेतात. काल पोरगा म्हणाला, "आजोबा, आज पाच दिवसांतला एक समजू या का?"

तर प्रश्न असा: तुमच्या लहानपणीच्या हिरोची गोष्ट तुम्ही मुलांना सांगता तेव्हा सगळी सांगता का? की गाळून?

चकली

बेसबॉल म्हणजे ते सगळे फुलटॉस मारायचे असतात तेच ना? (दिवे घ्या.)

नातवाचं वाक्य मात्र जबरदस्त. पोरगं वकील होणार.

शिवाजीपार्ककर

धागा वाचला. भावना पोचल्या. पण .३५० सरासरी म्हणजे शंभरात पस्तीस वेळा लागला, पासष्ट वेळा आउट, बरोबर? आणि हा देव? आमच्याकडे पासष्ट टक्के वेळा चुकणाऱ्याला मैदानाबाहेर बसवून पाणी न्यायला लावतात.

उजवा_कोपरा

@शिवाजीपार्ककर, हा प्रश्न येणारच होता :)

बॅटही गोल, चेंडूही गोल. पिचर साठ फूट सहा इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरने टाकतो, म्हणजे ठरवायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ. बरं, टप्पा नाही, पण चेंडू हवेत वळतो, बुडतो. लागला तरी समोर सात माणसं त्याच कामासाठी उभी. क्रिकेटमध्ये मागे, बाजूला, कुठेही मारता येतं. इथे समोरच्या नव्वद अंशांतच मारायचं, बाहेर गेला तर फाउल. दहात तीन वेळा जमलं तर उत्तम खेळाडू. इचिरोची अमेरिकेतली कारकिर्दीची सरासरी .३११ आहे, एकोणीस मोसमांची.

@चकली, पोरगं आजीवर गेलंय.

पिट्सबर्गचे_काका

उजवा_कोपरा, तू राईट फील्डचं नाव काढलंस आणि माझा रविवार गेला.

मी १९७१ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पिट्सबर्गला आलो. खिशात आठ डॉलर वगैरे नाटकी काही नव्हतं, शिष्यवृत्ती होती. पण अमेरिकेतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. घरमालकीण म्हातारी होती, तिच्याकडे टीव्ही. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका लागली, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध बाल्टिमोर. आमच्याकडे राईट फील्डला रोबेर्तो क्लेमेंते, नंबर २१, पोर्तो रिकोचा. वय ३७. सातही सामन्यांत त्याने हिट मारली, सरासरी .४१४, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

पण मला तो आवडला त्याचं कारण हे आकडे नव्हेत. सातवा सामना जिंकल्यावर मुलाखत घेणारा माइक घेऊन आला. क्लेमेंते म्हणाला, आधी मला माझ्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलू द्या. साऱ्या अमेरिकेसमोर. तो काय बोलला ते मला त्या वेळी कळलं नाही. लॅबमधल्या एका कोलंबियन मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं की त्याने मुलांना आशीर्वाद दिले आणि आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. मी त्या दिवशी घरी पत्र लिहिलं. लिहायचं राहून गेलेलं होतं.

इथले पत्रकार त्याचं इंग्रजी जसंच्या तसं, उच्चारांसकट छापायचे, लोकांनी हसावं म्हणून. बेसबॉलच्या कार्डांवर त्याचं नाव 'बॉब' छापायचे. त्याला ते मुळीच आवडत नसे आणि तो ते बोलून दाखवायचा. माझंही नाव इथे पहिल्या आठवड्यात कापून अर्धं केलेलं होतं.

१९७२ च्या ३० सप्टेंबरला त्याची ३००० वी हिट झाली. डिसेंबरमध्ये निकाराग्वाच्या मानाग्वात भूकंप झाला. त्याने मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचत नाही, लष्करी लोक मधल्यामध्ये उचलतात असं कानावर आलं. म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला. जुनं विमान, क्षमतेपेक्षा जास्त भरलेलं. उडाल्यावर लगेच समुद्रात पडलं. तो सापडलाच नाही. नेहमीची पाच वर्षांची अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं.

पिट्सबर्गला आलात तर त्याच्या नावाचा पिवळा पूल आहे, त्यावरून चालत स्टेडियमला जाता येतं. राईट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मग देतो. चहा गार झाला.

सॉफ्टबॉलवाली

काका, __/\__

मंजिरी_नागपूर

काकांचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी. तरी मूळ प्रश्नावर लिहिते, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझा मुलगा बॅडमिंटन खेळायचा. एका नावाजलेल्या अकादमीत घातला होता. पहाटे पाचला उठायचं, शाळा, परत संध्याकाळी तीन तास. कोच सगळ्या पालकांना मोठ्या खेळाडूंच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचे, की बघा, अमक्याने दिवाळीसुद्धा पाहिली नाही. आम्ही भारावून घरी यायचो. तेराव्या वर्षी पोराने रॅकेट माळ्यावर टाकली, ती अजून तिथेच आहे. आता तो तबला वाजवतो, बरा वाजवतो आणि त्याबद्दल मी एक शब्द काढत नाही.

त्या गोष्टी खोट्या नव्हत्या. पण त्या सांगणाऱ्याच्या सोयीच्या होत्या.

भास्कर७१

भावना बाजूला ठेवून थोडं आकड्यांवर बोलू. इचिरोच्या बहुतेक हिट्स म्हणजे एक बेसच्या सिंगल. त्यातल्याही कितीतरी इनफिल्डमध्ये (बेसच्या आतल्या भागात) घरंगळलेल्या, पळून काढलेल्या. अमेरिकेत एवढ्या वर्षांत ११७ होमरन (आपली सिक्सर म्हणा). चार चेंडू बाहेरचे सोडून फुकट बेस घ्यायचा, तेही तो फारसं करत नसे, म्हणून बेसवर पोचण्याचं प्रमाण .३५५ च. आणि जपानच्या १२७८ हिट्स अमेरिकेच्या ३०८९ मध्ये मिळवून ४३६७ सांगायच्या, पीट रोझचा ४२५६ चा विक्रम मोडला म्हणायचं, हे म्हणजे रणजीच्या धावा कसोटीत मिळवण्यासारखं. हे माझं वैयक्तिक मत.

उजवा_कोपरा

भास्करराव, मोजायचं तर सरळ मोजू. ४३६७ ही बेरीज मीही विक्रम म्हणून सांगत नाही. पण तो अमेरिकेत आला तेव्हा २७ वर्षांचा होता, रोझ २२ व्या वर्षी सुरू झाला. आणि जपानचा मोसम तेव्हा १३०-१३५ सामन्यांचा. १९९४ मध्ये त्याने १३० सामन्यांत २१० हिट्स मारल्या होत्या. शिवाय सलग सात वर्षं तो तिथला फलंदाजीतला अव्वल. ही रणजी असेल तर मुंबईच्या जुन्या रणजीसारखी आहे.

'पळून काढलेल्या सिंगल' याला तुम्ही दोष म्हणताय, मला तीच गंमत वाटायची. जन्मतः उजखोरा माणूस, पण डावरी बॅटिंग शिकला, कारण डावरा फलंदाज पहिल्या बेसला पावलाभराने जवळ असतो. चेंडू लागायच्या आधीच शरीर धावायला निघालेलं असायचं. साधा जमिनीवरून गेलेला चेंडू आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घाईघाईत फेकतोय, हे बघायला आम्ही पैसे भरायचो. होमरन बघायला अख्खी लीग होती.

भास्कर७१

पैसे तुमचे, मान्य.

शिवाजीपार्ककर

जाता जाता, रात्री दोन वाजता इचिरोचा तो ओकलंडमधला गाजलेला थ्रो व्हिडिओवर पाहिला. परत परत पाहिला. बायको उठून विचारायला लागली काय बघतोयस. राईट फील्डमधून तिसऱ्या बेसवर, एक टप्पाही नाही, गुडघ्याच्या उंचीला, सरळ फिल्डरच्या हातमोज्यात. हा माणूस सीमारेषेवर असता तर आमच्या कोचने त्याच्या पायाचं तीर्थ घेतलं असतं.

पण हातमोजा घालून कॅच घेणं, ते काही मला अजून पटलेलं नाही.

सॉफ्टबॉलवाली

शिवाजीपार्ककर, दीडशेच्या वेगाने मारलेला चेंडू रोज उघड्या हाताने झेलून दाखवा, मग बोलू.

मी जळगावची. शाळेत, मग विद्यापीठात सॉफ्टबॉल खेळले. इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण महाराष्ट्रात सॉफ्टबॉल पुष्कळ खेळला जातो, शिवछत्रपती पुरस्कारही मिळतो त्यात. गावात मात्र विचारायचे, "हे तुमचं काय, लगोरी का?" आमच्या संघात हातमोजे कमी. एका मुलीने इनिंग संपवून काढला की घाम पुसून दुसरीने घालायचा. मी सेंटर फील्ड.

ओकलंडचा तो थ्रो ११ एप्रिल २००१ चा. पहिल्या बेसवरचा टेरेन्स लाँग नुसत्या सिंगलवर तिसऱ्यापर्यंत पळायला गेला आणि आउट झाला. कोणीही पळाला असता, दहापैकी नऊ वेळा पोचतात. त्यानंतर चेंडू इचिरोच्या हातात असला की लोक पळायचेच बंद झाले. आउटफिल्डरच्या हाताची खरी किंमत हीच, आकड्यांत दिसत नाही अशी: जे धावलेच नाहीत ते.

आणि मला इचिरो आज जास्त आवडतो. निवृत्तीनंतर जपानमध्ये तो दरवर्षी शाळकरी मुलींच्या निवडक संघाविरुद्ध सामना खेळतो, स्वतः पिचिंग करतो, आणि मुली म्हणून हळू टाकत नाही. मुलींना हळू टाकणारे खूप पाहिलेत आम्ही.

चकली

मी पण शोधून वाचायला लागले. मला कोणी सांगितलं का नाही की हा माणूस कित्येक वर्षं घरच्या मैदानावरच्या सामन्यांआधी बायकोच्या हातचा करी-भात खायचा? रोज तोच! आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तीच आमटी वाढली तर उपोषण होतं.

नागोयाकर

@चकली, ती जपानी करी, आपली नव्हे. गोडसर, पिठाळ. पण हो, इथे ती गोष्ट प्रसिद्ध आहे.

गेली काही वर्षं मी नागोयात नोकरीला आहे, मोटारीच्या कारखान्यात. इचिरो इथलाच, शेजारच्या तोयोयामाचा. वडील त्याला जिथे न्यायचे ते बॅटिंग सेंटर जुन्या विमानतळाजवळ आहे. मी गेलो होतो. नाणी टाकायची, मशीन चेंडू फेकतं. मशीनचा वेग त्याला पुरेना, म्हणून मालकाने जादा स्प्रिंग लावली, तेही पुरेना म्हणून तो जागा सोडून पुढे उभा राहायचा. माझे पहिले दहा चेंडू जाळीत गेले. शेजारच्या पिंजऱ्यात एक आजीबाई सगळे मारत होत्या.

त्या निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, चुनिची ड्रॅगन्स (आमचा नागोयाचा संघ) किंवा सेइबू लायन्सनी आपल्याला घ्यावं आणि करार दहा कोटी येनच्या वर असावा. बारा वर्षांचं पोर! प्रत्यक्षात १९९१ मध्ये त्याला कोबेच्या ऑरिक्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या फेरीत घेतलं. दुसरी गोष्ट म्हणजे, मोठा झाल्यावर ज्यांनी मदत केली त्यांना सामन्याची आमंत्रणं पाठवीन. मला हे दुसरं वाक्य जास्त मुलाचं वाटतं.

ऑरिक्सच्या पहिल्या व्यवस्थापकाला त्याची पाय झुलवत मारायची ढब पसंत नव्हती, त्याला दुय्यम संघात ठेवलं. १९९४ ला आकिरा ओगी आले. त्यांनी ढब बदलायला सांगितली नाही, पाठीवरचं नाव मात्र बदललं. सुझुकी जपानमध्ये पायलीला पन्नास, म्हणून नुसतं 'इचिरो'. पुढच्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्या वर्षी संघाने बाहीवर 'धीर धर कोबे' अशा अर्थाची पट्टी लावून खेळून लीग जिंकली. कोबेची माणसं त्याला आपलाच समजतात, त्याचं कारण हे.

आता वडिलांचं. ते जपानमध्ये बरीच वर्षं आदर्श बाप म्हणून मिरवले गेले. मोठेपणी मुलाने मात्र सांगितलं की तो सराव छळाच्या सीमेवरचा होता आणि त्याला त्याचा त्रास झाला. त्याच वेळी वडिलांबद्दल आदरही बोलून दाखवला. दोन्ही एकाच माणसाने सांगितलंय. सोयीचं एक उचलू नये, एवढंच माझं म्हणणं.

अण्णा_सोलापूर

सगळं वाचलं. तुम्ही लोक फार हळवे झालात. त्या बापाने नेलं नसतं तर आज इचिरो कारखान्यात स्पॅनर फिरवत असता आणि हा धागाही नसता. आमच्या वडिलांनी आम्हाला वेताच्या छडीने गणित शिकवलं. आज चार पैसे कमावतोय. लाडाने कोणी मोठं झालेलं दाखवा.

मंजिरी_नागपूर

अण्णा, त्या काळात जपानमध्ये मुलाला रोज मैदानावर नेणारे असे किती बाप असतील? त्यांतल्या बाकीच्यांची मुलं इचिरो झाली नाहीत. त्यांच्यावर धागे निघत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं की रोज नेलं की मोठा होतो.

आणि आपल्या गणिताचं श्रेय छडीला देऊ नका, स्वतःला थोडं ठेवा.

अण्णा_सोलापूर

शेवटचं वाक्य आवडलं. बाकीचं नाही.

चकली

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. इचिरोने स्वतःच्या मुलाला कसं वाढवलं हो मग?

नागोयाकर

मूलबाळ नाही. इक्क्यू नावाचा कुत्रा होता. त्याच्याकडून सराव करून घेतल्याचं ऐकिवात नाही.

भास्कर७१

मी विरोधी पक्षात असलो तरी २००४ चं सांगायलाच हवं. एका मोसमात सर्वाधिक हिट्सचा विक्रम जॉर्ज सिस्लरचा, २५७, वर्ष १९२०. चौऱ्याऐंशी वर्षं कोणी हात लावला नव्हता. इचिरोने १ ऑक्टोबर २००४ ला सिअ‍ॅटलमध्ये तो मोडला आणि २६२ वर थांबला. (सिस्लरचा मोसम १५४ सामन्यांचा होता, याची नोंद असू द्या. सवय जात नाही.) विक्रम झाल्याबरोबर खेळ थांबला, सगळा संघ त्याला मिठ्या मारतोय, आणि हा कुंपणापाशी गेला, कारण तिथे सिस्लरची मुलगी बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिच्याशी हात मिळवला. पाच वर्षांनी सेंट लुईसला ऑल-स्टार सामना होता तेव्हा सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहून आला.

सिंगल मारणारा असला तरी माणूस बरा आहे.

उजवा_कोपरा

भास्करराव, हे तुमच्याकडून आलं म्हणून जास्त बरं वाटलं.

त्या ५१ नंबरचंही तसंच. तो रँडी जॉन्सनचा नंबर होता. इचिरोने सिअ‍ॅटलला येताना त्याला पत्र पाठवून कळवलं की या नंबरला कमीपणा आणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मरिनर्सनी तो नंबर त्याच्या नावाने कायमचा बाजूला ठेवला.

आणि हॉल ऑफ फेमच्या मतदानाचा किस्सा राहिलाच. ३९४ पैकी ३९३ मतं. एका पत्रकाराने दिलं नाही. इचिरो म्हणाला, त्यांनी घरी यावं, बसून एकत्र पिऊ. तो पत्रकार काही पुढे आला नाही. मग जुलैत कूपरस्टाऊनला, जिथे हॉल ऑफ फेम आहे, तिथल्या भाषणात, जे त्याने सगळं इंग्रजीत केलं, त्याने जाहीर केलं की त्या आमंत्रणाची मुदत आता संपलेली आहे. बाबा आणि मी एकाच वेळी हसलो. घरात असं फारदा होत नाही.

शिवाजीपार्ककर

दुभाषा बरोबर ठेवणारा माणूस इंग्रजीत विनोद करतो? मग इतकी वर्षं दुभाषा कशाला?

नागोयाकर

इंग्रजी त्याला येत होतंच, ड्रेसिंग रूममध्ये बोलायचा. पत्रकारांसमोर अर्धवट बोलून विपर्यास नको म्हणून दुभाषा. काकांनी क्लेमेंतेचं इंग्रजी कसं छापायचे ते लिहिलंय, ते वाचून मला हेच आठवलं.

२०१९ च्या मार्चमध्ये तोक्यो डोममध्ये तो शेवटचा खेळला, ४५ वर्षांचा. सामना संपून गेला तरी लोक जागचे हलेनात, तो परत मैदानावर आला. मग मध्यरात्र उलटल्यावर पत्रकार परिषद, तासाभराहून जास्त. त्यात तो म्हणाला ते मला परदेशात राहणारा म्हणून लागलं: अमेरिकेत येऊन आपण परके झालो आणि त्यामुळेच दुसऱ्याच्या दुःखाचा विचार करायला शिकलो, अशा आशयाचं. पुस्तकात वाचून ते कळलं नसतं, असंही.

पिट्सबर्गचे_काका

चहा झाला, जेवण झालं, दोन दिवस झाले. उत्तर देतो.

मी माझ्या मुलींना क्लेमेंतेची गोष्ट सांगितली ती विमानापर्यंत. लहानपणी फक्त शूर माणूस म्हणून. मोठ्या झाल्यावर एकीनेच विचारलं, बाबा, ते विमान खराब होतं हे त्याला दिसत नव्हतं का? घरी तीन लहान मुलगे होते ना त्याचे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तिने विचारलं म्हणून मी त्या गोष्टीकडे पहिल्यांदा त्याच्या बायकोच्या बाजूने पाहिलं. तेव्हा उजवा_कोपरा, आत्ता गाळून सांग, पण इतकंही गाळू नकोस की पोराला पुढे विचारायला काही उरणार नाही.

आणि वडिलांना नेटमध्ये नेऊ दे. आजोबा लोक पाच मिनिटांत दमतात. आम्हाला माहीत आहे.

अण्णा_सोलापूर

काकांना अनुमोदन. शेवटच्या परिच्छेदाला विशेष.

सॉफ्टबॉलवाली

उजवा_कोपरा, मुलाला खेळायला आवडतं का, हे इथे कोणी विचारलंच नाही. आवडतं का?

उजवा_कोपरा

विचारलं काल. म्हणाला, मारायला आवडतं, मैदानात उभं राहायला कंटाळा येतो, आणि सामन्यानंतर मिळणारी बर्फाची कांडी सगळ्यात आवडते. बाबांशी बोललो. ठरलं असं की आठवड्यातून दोन संध्याकाळी नेट, बाकी दिवशी त्याने मागितलं तर. बाबा म्हणाले, "आणि रोज मागितलं तर?" मी म्हटलं, तर तुम्ही सापडलात.

निबंधाचं त्याला सांगितलं. आमंत्रणाचं वाक्यही, नागोयाकरांमुळे. ३६० दिवसांचं ऐकून म्हणाला, "मग त्याला मित्र होते का?" ते आम्ही दोघांनी बसून शोधायचं ठरवलंय.

शिवाजीपार्ककर

बरं, मला आता सामने बघायचेत. इथे किती वाजता लागतात?

उजवा_कोपरा

सिअ‍ॅटलला संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे तुमच्याकडे सकाळी सव्वासात. चहाबरोबर होतात. मोसम एप्रिल ते सप्टेंबर, रोजच असतात जवळजवळ. मरिनर्स आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेले नाहीत, तेव्हा मन घट्ट करून बसा. २०२५ ला एक सामना कमी पडला.

शिवाजीपार्ककर

दुःखाची सवय आहे. आयपीएलमध्ये बंगळूरचा पाठीराखा होतो, २०२५ पर्यंत.

चकली

आणि चिरंजीवांचा देव कोण? इचिरोच ना?

उजवा_कोपरा

इचिरो त्याच्या दृष्टीने 'आजोबांचा माणूस'. त्याचा देव आहे कॅल रॅली, मरिनर्सचा कॅचर. २०२५ मध्ये ६० होमरन. सिंगलबिंगल नाही, भास्करराव खूश होतील. त्याला सगळे 'बिग डंपर' म्हणतात. हे टोपणनाव का पडलं ते बाबांनी काल जेवताना विचारलं आणि पोराने उभं राहून, पाठ फिरवून, प्रात्यक्षिकासह सांगितलं.

भास्कर७१

शेवटी या घरात कोणाला तरी बेसबॉल कळतो.